सगळं धरून की खर्च वेगळा? क्रूसकट यॉट भाड्याने घेण्याआधी

बडोद्यात बसून यॉटचा विचार करणारा माणूस सहसा एकटा नसतो. एक घर इथलं, एक परदेशातलं, एक पुण्या-मुंबईकडचं, अशी तीन घरं पैसे काढतात तेव्हा कुठे कॅप्टन आणि स्वयंपाकी यांच्यासकट आठवडाभराची बोट आवाक्यात येते. हे तशाच मंडळींसाठी आहे. लांबी, केबिन, इंजिन या गोष्टी ब्रोकरच्या पीडीएफमध्ये असतात आणि बारा पाहुण्यांच्या वर जायचं नाही हेही एव्हाना कळलेलं असेल. मी बोलणार आहे ते दराबद्दल. बाकी सगळ्या बाबतीत आमच्या तीन घरांचं एकमत होतं.

दर दोन तऱ्हेचे. भूमध्य समुद्राच्या बाजूला मोठ्या मोटरयॉटचं भाडं म्हणजे बोट, क्रूचा पगार आणि विमा, बस. डिझेल, किराणा, पेयं, बंदराचे पैसे यांच्यासाठी भाड्याच्या २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ कॅप्टनकडे ठेवायची. तिला एपीए म्हणतात. उरले तर परत मिळतात, कमी पडले तर मध्येच आणखी भरायचे. दुसरी तऱ्हा सगळं धरून. कॅरिबियनमधल्या क्रूसकट कॅटमरान (दोन तळांच्या शिडाच्या बोटी) बहुतेक अशाच असतात, आणि थायलंडमध्येही शोधल्यास मिळतात. आम्ही पहिली तऱ्हा क्रोएशियात स्प्लिटहून अनुभवली, दुसरी फुकेतहून. माणसं जवळपास तीच होती, म्हणून तुलना करायची हिंमत करतो.

आधी आकडे. समजा क्रोएशियातल्या बोटीचं भाडं ३०,००० युरो आहे. एपीए ३० टक्के धरला तर ९,०००. तिथला चार्टरवरचा, म्हणजे भाड्याच्या बोटीवरचा, व्हॅट १३ टक्के, म्हणजे ३,९००. टिप तिकडे ५ ते १५ टक्के देतात. १० धरली तर ३,०००. बेरीज ४५,९००. म्हणजे छापील भाडं दीडपट करायचं आणि मगच घरच्यांना आकडा सांगायचा. थायलंडमध्ये ७ टक्के व्हॅट, टिप आणि राष्ट्रीय उद्यानांची फी मिळून सव्वापट धरली की आमचं भागलं. दोन ब्रोकरांची भाडी शेजारीशेजारी ठेवून 'ही स्वस्त' म्हणणं म्हणूनच फसवं आहे. एकाला दीडने गुणा, दुसऱ्याला सव्वाने, आणि मग बघा. बऱ्याचदा अंतर निम्म्याने कमी झालेलं दिसतं, कधी उलटंही होतं.

'सगळं धरून' म्हणजे अगदी सगळं, असंही समजू नका. फी फी बेटांच्या उद्यानात परदेशी प्रौढाला माणशी ४०० बाट पडतात आणि ते बहुधा वेगळे घेतात. विमानतळाची ने-आण, ठरलेल्या मार्गाबाहेर गेलात तर त्याचं डिझेल, हेही वेगळं. करारात काय वगळलंय ती यादी आधी वाचावी, काय धरलंय ती नंतर.

पैसे पाठवण्याचं थोडक्यात. निम्मी रक्कम सही करताना आणि निम्मी साधारण महिनाभर आधी द्यायची पद्धत आहे, एपीए त्या दुसऱ्या हप्त्याबरोबर जातो. मधल्या काळात युरो हलतो, तेवढी फट ठेवा. एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर आहे, तिचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो टीसीएसचा, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ वसूल होणाऱ्या कराचा. १ एप्रिल २०२५ पासून त्याची उंबरठ्याची रक्कम ७ लाखांवरून १० लाख झाली, पण टूर पॅकेज म्हणून गेलेल्या पैशाला नियम वेगळा आणि थेट बोटीच्या कंपनीला गेलेल्या पैशाला वेगळा. तेव्हा सही करण्याआधी सीएला फोन करा. टीसीएस शेवटी आयकरात वळता होतो हे खरं, पण तो वळता होतो ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्याच खात्यात. करार एकाच्या नावावर आणि पैसे तिघांचे असतील तर हे बँकेत जाण्याआधीच बोलून घेतलेलं बरं.

आता एपीएची बाजू, कारण ती लंगडी मुळीच नाही. हिशेब चोख असतो. डिझेलच्या पावतीपासून पावाच्या लादीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा कागद कॅप्टन ठेवतो आणि मागाल तेव्हा दाखवतो. आमची आत्या बँकेतून निवृत्त झालेली. रोज चहानंतर ती चष्मा लावून पावत्या ताडून बघायची आणि तिला एकही बेरीज चुकलेली सापडली नाही. याचं तिला थोडं वाईटच वाटलं असावं. शिवाय जे खाल त्याचेच पैसे. सगळं धरलेल्या दरात बोटीवरचा बार बऱ्याचदा आधीच मिसळलेला असतो. आमच्यासारख्या निम्म्या न पिणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्या कुणाच्या वाइनचे पैसे का भरावेत, हा प्रश्न रास्त आहे. (बार वगळून दर मागा. काही मालक देतात, काही नुसतं हसतात.) आणि बोट एकाच खाडीत दोन-दोन दिवस नांगरून ठेवणारी निवांत माणसं असाल, तर आठवड्याच्या शेवटी खरोखरच पैसे परत मिळतात.

मग मला बोचलं काय?

एपीए ही एकच थैली असते आणि माणसं तीन घरची. मोटरयॉट वेगात काढली की ताशी दोनशे-तीनशे लिटर डिझेल सहज जातं. तीच बोट दहा नॉटच्या (ताशी दहा सागरी मैलांच्या) आसपास ठेवली तर खर्च कितीतरी खाली येतो. स्प्लिटहून ह्वार बेट जेमतेम पंचवीस सागरी मैल. वेगात तास-सव्वातास, सावकाश अडीच. कॅप्टन रोज सकाळी अदबीने विचारायचा, कसं जायचं? आणि टेबलावर एकदम शांतता. लंडनहून आलेल्या भावाची रजा मोजकी, त्याला दिवसाला दोन बेटं हवी. मेहुण्यांना घाई कसलीच नव्हती, पण डिझेलचा भाव त्यांना पहिल्याच संध्याकाळी पाठ झाला होता. आम्ही बडोदेकर मध्ये. भावाच्या मुलांनी जेटस्कीवर एक अख्खी दुपार काढली, तेव्हा आमची मुलं बेतानेच उतरली, कारण मी डोळ्यांनी खुणावलं होतं. ते खुणावणं मला आजही आवडत नाही. मीटर चालू ठेवून उभ्या असलेल्या रिक्षात बसून गप्पा रंगत नाहीत, तसं झालं.

रात्रीचं तर आणखी मजेशीर. नांगरावर उभं असताना एसी जनरेटरवर चालतो आणि जनरेटर डिझेलवर. व्हिस बेटाच्या एका खाडीत, ऑगस्टमध्ये, मेहुण्यांनी परस्पर कॅप्टनला सांगून रात्री जनरेटर बंद करवला. समुद्रावर वारा असतोच की, हे त्यांचं म्हणणं. वर डेकवर होताही. खालच्या केबिनच्या काचा मात्र उघडत नाहीत. मध्यरात्री वहिनी उशी घेऊन वर आली, मागोमाग मुलं, मग भाऊ. सकाळी पोह्यांवर कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

हे कॅप्टनच्या पावत्यांत कुठे दिसत नाही. त्याच्या कागदावर एकच बेरीज असते. कोणत्या घराने किती प्यायलं, कुणाच्या मुलांनी किती पेट्रोल उडवलं, हे वाटून देणं त्याचं काम नाही आणि आपण त्याला तसं सांगूही नये. शेवटी तीन समान भाग केले. भावाला वाटलं आपण सगळ्यांना जपलं, मेहुण्यांना वाटलं आपल्याला भुर्दंड पडला, आणि आम्हाला दोन्ही वाटलं. रक्कम म्हणाल तर फार मोठी नव्हती.

गंमत अशी की फुकेतच्या कॅटमरानवर जनरेटरचे तास करारातच मोजून दिले होते. दुपारी काही वेळ एसी बंदच. उकडायचं तेवढंच, पण ते बोटीच्या नियमाने, घरातल्या कुणाच्या हिशेबाने नव्हे. मेहुणे स्वतः मुलांना सांगत होते, अरे जा, कयाक घेऊन जा. माझ्या लेखी पारडं तिथेच झुकलं. आराम कशात जास्त हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. जेवणानंतर टेबलावर माणसं किती वेळ बसून राहतात एवढंच मी बघतो, आणि त्यात कॅटमरान पुष्कळ पुढे होती.

खाण्याचं मात्र उलट. एपीएवर आपला किराणा आपण सांगू तसा येतो. आधी पाठवायच्या आवडीनिवडीच्या फॉर्मवर सविस्तर लिहिलं तर स्वयंपाकी डाळ-भाताशीही झटापट करतो. पोहे, चिवडा, भाकरवडी इथून नेलं तर चालतं. तूप, पेढे, श्रीखंड सामानात टाकू नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. फुकेतला मेनू बोटीचा होता, चविष्ट होता, पण चार दिवसांनी त्याच चवीची पुनरावृत्ती. आणि तिथे नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. भाजीतही फिश सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असते. 'जे' जेवण (तिथलं कडक शाकाहारी) हवं असं लिहून द्या, मग तेही जातं आणि लसूणही जातो. आईची एकादशी त्यावर निभावली.

बोटींचं एका परिच्छेदात. कॅटमरान दोन तळांची असल्याने नांगरावर कमी डोलते, आणि मागच्या रुंद पायऱ्यांवरून गुडघेदुखीचं माणूस हात धरून पाण्यात उतरू शकतं. फांग न्ग्याचा उपसागर हिवाळ्यात इतका शांत असतो की आईने उलटीची गोळी पर्समधून काढलीच नाही. मोटरयॉट ऐटदार, केबिन मोठ्या, क्रू जास्त. लांबचं बेट गाठायचं तर तिला पर्याय नाही. शिडाच्या बोटीवर तसा हट्ट करता येत नाही. फी फी बेटांमधल्या माया बेचं म्हणाल तर तिथे कुठल्याच बोटीची ऐट चालत नाही: २०१८मध्ये बंद केलेला तो किनारा २०२२च्या जानेवारीत उघडला, पण बोट आत नेता येत नाही. मागच्या बाजूने उतरून चालत जायचं आणि पोहायलाही मनाई.

एकच यजमान सगळा खर्च करणार असेल, कुणाची साठी किंवा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल, तर माझं वरचं निम्मं म्हणणं बाद धरा. थैली एकाची असली की एपीएच सरळ. मीही तेव्हा कदाचित तोच घेईन, आणि जनरेटरला हात लावायचा नाही असं आधीच जाहीर करेन. पण वर्गणी काढून जाणार असाल तर भाडं थोडं जास्त दिसलं तरी सगळं धरलेला दर बघा, असं सुचवावंसं वाटतं.

अडचण सुट्ट्यांची आहे. अंदमान समुद्राचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे गुजरातमधल्या शाळांच्या एकवीस दिवसांच्या दिवाळी सुट्टीत फुकेत जेमतेम बसतं, तेही दिवाळी उशिरा आली तर. मे महिन्यात तिकडे पाऊस सुरू होतो. मेमध्ये क्रोएशिया उघडा असतो. पाणी गार, पण भाडी ऑगस्टपेक्षा खाली आणि ह्वारला धक्क्याला जागाही मिळते. शेंगेन व्हिसाचं बघायचं, एवढंच. तेव्हा मे आणि वर्गणी असं दोन्ही असेल तर ब्रोकरकडे मोटरयॉटऐवजी गुलेत, म्हणजे शिडाची लाकडी बोट, मागा. क्रोएशियात गुलेतच्या भाड्यात बहुधा दिवसाचे चार तास चालवण्याचं डिझेल धरलेलं असतं आणि दोन वेळचं जेवण माणशी ठरवता येतं. पेयांचं बिल मात्र शेवटी वेगळं येतं. ते पहिल्याच दिवशी घरटी वेगळं लिहायला सांगा. गुलेतवाल्यांना त्याची सवय असते.