दोन विषं, दोन उतारे: सीसीडी आणि हॉक-सॉक

ई. कोलाय जिवाणूत सापडणाऱ्या सीसीडी आणि हॉक-सॉक या विष-उताऱ्याच्या दोन्ही जोड्या प्लास्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वर्तुळावर) असतात आणि जिवाणूला एकच धमकी देतात: मला टाकलंस तर मरशील. विष टिकाऊ, उतारा नाशवंत. प्लास्मिड हरवला की नवा उतारा बनत नाही, मागे उरलेलं विष पेशीला गाठतं.

फरक आहे तो उताऱ्यात. एफ प्लास्मिडवरच्या सीसीडीचं वर्णन ओगुरा आणि हिरागा यांनी १९८३ साली केलं. तिथे सीसीडीए हे प्रथिन सीसीडीबी या विषारी प्रथिनाला धरून ठेवतं. लॉन नावाचं प्रोटिएज (प्रथिनं कापणारं विकर) सीसीडीएचे तुकडे करतं, मग मोकाट सुटलेलं सीसीडीबी डीएनए गायरेज या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकराला जखडतं आणि डीएनए तुटतो.

आर१ प्लास्मिडवरचं हॉक-सॉक मला जास्त धूर्त वाटतं. इथे उतारा प्रथिन नाहीच. सॉक हा छोटासा आरएनए आहे. तो हॉकच्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो, म्हणजे विष तयारच होऊ देत नाही. सॉक झटपट नष्ट होतो, हॉकचा संदेश मात्र टिकून राहतो. त्यातून बनणारं जेमतेम ५२ अमिनो आम्लांचं प्रथिन पेशीपटल निकामी करतं.

प्रयोगशाळेत मात्र सीसीडीबीचीच चलती: क्लोनिंग करताना, म्हणजे प्लास्मिडमध्ये डीएनएचा तुकडा जोडताना, त्या जनुकाच्या जागी हवा तो तुकडा बसला नाही, तर पेशी जगतच नाही.