पेठेतली मेस: महिन्याचं कार्ड काढायचं की रोज ताट घ्यायचं?

पुण्यात एस. पी. कॉलेजकडून पेरूगेट, तिथून नारायण पेठ आणि पलीकडे नवी पेठेतला गांजवे चौक, शास्त्री रोड. अर्ध्या तासात पायी फिरून होईल एवढ्या या टापूत मेस खच्चून भरल्या आहेत. कॉलेजची मुलं आहेतच, पण या मेस बाराही महिने चालतात त्या अभ्यासिकांमुळे. स्पर्धा परीक्षेची मुलं सुट्टीतही गावी जात नाहीत. त्यामुळे मेसवाल्याचं गिऱ्हाईक तुटत नाही आणि दरही फार चढत नाही. दोन वेळच्या जेवणाचं महिन्याचं कार्ड सध्या साधारण तीन ते साडेतीन हजारांत मिळतं, सुटं ताट ऐंशी ते शंभरात. विमाननगर, बाणेरकडे याच जेवणाला जास्त मोजावे लागतात.

कार्ड स्वस्त दिसतं, पण आधी गणित मांडा. समजा कार्ड 3200 रुपयांचं आहे आणि सुटं ताट 90चं. तीस दिवसांची साठ जेवणं, त्यातल्या चार रविवारच्या रात्री मेस बंद, उरली 56. सगळी जेवलात तर ताट 57 रुपयांना पडलं. पण दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्येच पोट भरत असेल, दोन शनिवार-रविवार गावाकडे जात असतील, एखाद्या रात्री मित्रांबरोबर बाहेर होत असेल, तर जेवणं तीस-बत्तीसवर येतात आणि तेच ताट शंभरावर जातं. महिन्याला छत्तीसपेक्षा कमी वेळा जेवणाऱ्याने या दरात कार्ड काढूच नये. पहिल्या वर्षाची मुलं नेमकी इथे फसतात. आईवडील सोडायला येतात तेव्हाच महिन्याचे पैसे भरून मोकळे होतात.

यातून सुटायची वाट म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे खाडे धरून घेणं. मेस ठरवताना भाजीआधी खाड्यांचा नियम विचारा. बहुतेक ठिकाणी एकटादुकटा खाडा धरत नाहीत. सलग तीन-चार दिवस बाहेर असाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल, तरच तेवढे दिवस पुढे सरकतात. मेसवाल्यांचं यात चुकतं असंही नाही. कणीक किती भिजवायची आणि डाळ किती लावायची हे सकाळीच ठरतं. तुम्ही आला नाहीत म्हणून त्यांचा शिधा वाचत नाही. काही मेस कार्डाऐवजी कूपन देतात: साठ कूपनं, दोन महिन्यांत संपवायची. दर थोडा जास्त असतो, पण खाड्याची कटकट नाही आणि मित्र आला तर एक कूपन जास्त फाडायचं. ज्यांचं वेळापत्रक बेभरवशाचं आहे, लॅब किंवा इंटर्नशिप आहे, त्यांनी कूपनच घ्यावं. मुदत मात्र कूपनावर छापलेली हवी. तोंडी मुदत महिनाअखेरीस आकसते.

लिमिटेड ताटात चार चपात्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण किंवा आमटी, भाताची मूद आणि कांदा-लिंबू. अनलिमिटेडमध्ये चपाती, भात, आमटी हवी तेवढी, सुकी भाजी मात्र बहुधा एकदाच. चार चपात्यांत भागत असेल तर अनलिमिटेडचे जादा पैसे वाया. सहाच्या पुढे जाणाऱ्यांना ते परवडतं. अनलिमिटेड ताटात दोघांनी जेवायचं नाही, हा नियम सगळीकडे सारखाच. पुणे विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे भोजनगृहात, 2019 मध्ये अशाच नियमावरून आंदोलनही झालं होतं.

मेस पारखायची तर साडेबाराला जाऊ नका. तेव्हा सगळ्याच मेस चांगल्या असतात. दुपारी पावणेदोनला किंवा रात्री सव्वानऊला जा, पैसे देऊन एक ताट घ्या. सुकी भाजी संपल्यावर काय वाढतात ते तेव्हाच कळतं: कुठे झटपट पिठलं टाकतात, कुठे रश्शात पाणी वाढतं. चपात्या तव्यावरून येतात की डब्यातून, ते बघा. गरम चपात्या एकावर एक रचून झाकल्या की वाफेने खालच्या ओलसर होऊन चिकटतात. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका, शंभर जणांच्या पंगतीला ते चालायचंच. पण गार चपाती तोडताना रबरासारखी ताणली, तर कणकेत मैदा आहे असं समजा. रोज दोन वेळा ती चपाती खाल्ली तर पंधरा दिवसांत पोट तक्रार करतं.

आमटीची वाटी दोन मिनिटं हलवू नका. वर पाणी आणि खाली डाळ अशी फारकत झाली, तर डाळ नीट शिजलेली नाही किंवा शेवटी पाणी ओतलंय. छोले, राजमा खाल्ल्यावर तोंडात साबणासारखी चव रेंगाळली, तर सोडा जास्त पडलाय. गॅस वाचवायला घालतात आणि मग दुपारभर पोट फुगतं. रश्शाची खूण त्याहून सोपी: सोमवारची मटकी, मंगळवारचा वाटाणा आणि बुधवारचा बटाटा डोळे मिटून ओळखता आला नाही, तर एकाच वाटणाचं पातेलं तीन दिवस चाललंय. म्हणून एकाच जेवणावर ठरवू नका, लागोपाठ तीन दिवस सुटी ताटं घ्या. पावणेतीनशे रुपये जातील, पण महिना वाचेल.

चवीचा प्रश्न वेगळा. जुन्या पेठी वळणाच्या मेसमध्ये आमटीला गोडा मसाला आणि गूळ असतो. नांदेड, जळगाव, सोलापूरकडच्या पोरांना ती आठवडाभरात नकोशी होते. त्यांच्यासाठी याच गल्ल्यांत खानदेशी, सोलापुरी पाट्यांच्या खाणावळी आहेत: शेवभाजी, ठेचा, शेंगाचटणी, ज्वारीची भाकरी. भाकरी करायला वेळ लागतो म्हणून ती बऱ्याचदा चपातीपेक्षा महाग असते किंवा दोनच मिळतात, पण गरम मिळते. तिथला धोका तर्रीचा. लाल तेल वर तरंगणारा रस्सा एक दिवस छान, रोज नको. पातेल्यातून ‘खालचा वाढा’ असं सांगितलं तर कोणी रागावत नाही.

कर्वेनगरच्या मुलींच्या हॉस्टेलांकडे मेसपेक्षा घरगुती डबे जास्त चालतात. अन्न हलकं आणि तेल कमी, ही डब्याची खरी जमेची बाजू. तोटा वेळेचा. अकराला भरलेला डबा तुम्ही दीडला उघडता. एप्रिल-मेमध्ये खोबरं घातलेली आमटी तोवर आंबू शकते, म्हणून उन्हाळ्यात नारळाशिवायची आमटी मागा आणि वरण वेगळ्या खणात. चपात्या गरम असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधत असतील तर कागदात किंवा फडक्यात गुंडाळायला सांगा. डब्याचं डिपॉझिट घेतात, त्याची पावती ठेवा.

रविवारी दुपारी फीस्ट: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, शिरा किंवा गुलाबजाम. रात्री कुलूप. महिन्यातल्या या चार-पाच रात्रींचं बजेट वेगळं धरावं लागतं. डेक्कनला 1935 पासूनच्या कॅफे गुडलकमध्ये बनमस्का-चहावर संध्याकाळ निभते, पण ते जेवण नव्हे. भुर्जीची गाडी जास्त भरवशाची: दोन अंडी, तीन पाव, प्रथिनंही मिळतात. मिसळ सकाळीच बरी. जादा पाव-रश्शाचे पैसे लावतात का ते आधी विचारा, नाहीतर बिल ताटाच्या वर जातं. टिळक रोडवरचं बादशाही बोर्डिंग जुन्या बोर्डिंग-खाणावळींच्या काळातलं. जेवण सुरेख, पण आज ते विद्यार्थ्याच्या रोजच्या हिशेबात बसत नाही. घरून पैसे आल्यावर जायचं ठिकाण.

मेसही परवडत नसेल तर दोन नावं लक्षात असू द्या. बाबा आढावांनी उभारलेल्या हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेची ‘कष्टाची भाकर’ केंद्रं ना नफा ना तोटा तत्त्वावर चालतात. भाकरी, भाजी, भात, आमटी सुटी मिळते, त्यामुळे खिशाप्रमाणे ताट लावता येतं. गर्दी कष्टकऱ्यांची, वाढणं झटपट, अन्न ताजं. दुसरी शिवभोजन थाळी, 26 जानेवारी 2020 ला राज्य सरकारने दहा रुपयांत सुरू केलेली: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. वीस वर्षांच्या पोराला एवढं पुरत नाही, आणि केंद्राच्या थाळ्या ठरलेल्या असल्याने उशिरा गेलं की संपलेल्या असतात. बाराच्या ठोक्याला जा. आपलं केंद्र चालू आहे ना, तेही आधी बघून घ्या. कधीकाळी याच पेठांतून गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि माधुकरी मागत. त्यामानाने दहा रुपयांचं ताट सन्मानाचं.

मेसच्या जेवणाची एक उणीव मात्र कुठलीही मेस भरून काढत नाही. डाळ पातळ आणि कडधान्य वाटीभर, म्हणजे प्रथिनं कमीच. वर रोज दोन उकडलेली अंडी घेतली तर बारा-तेरा ग्रॅमची भर पडते. अंडी न खाणाऱ्यांनी मूठभर फुटाणे आणि ताटाबरोबर दह्याची वाटी घ्यावी. दही मेसमध्ये न घेता डेअरीतून पाव किलो आणलं तर स्वस्त पडतं आणि दोघांना पुरतं. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचं कार्ड काढताना तारीख बघा. दिवाळीत पोळ्या लाटणाऱ्या बायका आणि आचारी गावी जातात, मेस आठवडाभर बंद राहते. त्या दिवसांत पंधरा दिवसांचं कार्ड मागा, बरेच जण देतात.