एक रविवार, दोन टेकड्या: रामटेक की देवगड?

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की आमच्या घरी एक वाद हमखास होतो. रविवारी नागपूरहून उत्तरेला निघायचं हे नक्की, पण जबलपूर रोडनं रामटेकला जायचं की छिंदवाडा रोडनं देवगडला? एका दिवसात दोन्ही होत नाही. आम्ही एकदा तो उद्योग केला आणि दोन्ही ठिकाणी नुसतं पार्किंग बघून आलो.

आधी अंतराचं बोलू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. रामटेक पन्नासेक किलोमीटर. एसटी आहे, इतवारीहून रेल्वे आहे, गाडी काढली तर कामठी, कन्हान, मनसर करत दीड तासात पोचता. देवगड मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानीचा घाट आणि पुढे गावातले रस्ते, म्हणजे एका बाजूचे तीन तास धरा. स्वतःची गाडी नसेल तर देवगडचा विषय इथेच संपला.

आता चढाईचं. रामटेकला गाडी थेट टेकडीवरच्या रामाच्या गडमंदिराजवळ जाते आणि बहुतेक नागपूरकर तसेच वर जातात. मग म्हणतात, रामटेकला काय, देवदर्शन आणि माकडं! माझं म्हणणं, रामटेक बघायचं तर अंबाळा तलावापासून पायऱ्यांनी चढा. सकाळी सातला तलावावर धुकं असतं, घाटावर एखाद्या घरचे लोक पिंडदानाला बसलेले असतात, काठावरच्या जुन्या मंदिरांच्या सावल्या पाण्यात हलत असतात. मागच्या खेपेस तिथला ऑटोवाला म्हणाला, "पायी कायले जाऊन राहिले, भाऊ? बसा ना, वरच सोडून देतो." मी नाही म्हटलं. अर्ध्या चढावर दम लागल्यावर त्याची आठवण आली, ते सोडा.

वर पोचल्यावर घाई करू नका. लाल रंगाचा तो भलामोठा वराह आधी बघा. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघणारी पोरं हमखास दिसतात. पापी माणूस अडकतो म्हणे. आमच्या मामांनी पोटाचा घेर बघून पुण्याची परीक्षा द्यायचं टाळलं. मग केवल नरसिंहाचं छोटं देऊळ. बरेच जण त्याच्यासमोरून फोटो काढत निघून जातात, पण हे 5व्या शतकातलं, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांचं काम आहे आणि भिंतीवर त्या काळचा शिलालेख आहे. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून. ऋद्धपूरचा तिचा ताम्रपट याच 'रामगिरिस्वामी'च्या, म्हणजे रामगिरीच्या देवाच्या, पायाशी दिलेला. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभर झुरत बसला तो हाच, असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. छत्तीसगडमधल्या सरगुजातल्या रामगडचे दावेदारही आहेत, पण नागपूरच्या माणसाला हे विचारूच नका. पुढे आधी लक्ष्मण, मग राम, हा दर्शनाचा क्रम चुकवू नका.

दुपार उरली तर मनसरचं वाकाटककालीन अवशेषांचं उत्खनन परतीच्या वाटेवरच आहे. नगरधनचा किल्लाही जवळ आहे, आत जमिनीखाली देवीचं ठाणं आहे. प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा नगरधनच्याच उत्खननात सापडली. खिंडसी तलावात बोटिंग आहे, पोरं असतील तर ते ठरलेलंच.

देवगडचा मामला वेगळा. तिथे गर्दी नाही, दुकान नाही, ऑटोवाला नाही. गोंड राजांची ही राजधानी. इथल्या जाटबा राजाचं नाव अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथात आहे. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहनं 1702च्या सुमारास नागपूर वसवलं, म्हणजे आपल्या शहराचं आजोळच म्हणा. दरवाजे, नक्कारखाना, बादल महाल, सगळं पडझडीला आलेलं, भिंतींतून झाडं उगवलेली. मला त्यात सर्वात आवडतं ते मोतीटाकं. उन्हातून चढून जावं आणि समोर एकदम स्थिर, नितळ पाणी यावं. तिथे काठावर बसलो की तासभर कुणी बोलत नाही. खाली गावात 'आठशे विहिरी, नऊशे बावड्या' (बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर) ही म्हण ऐकायला मिळते. आकडा सोडा, पण बावड्या खरंच आहेत. गडावरून नागपूरला भुयार निघतं अशीही आख्यायिका आहे. तीन तास गाडीत आंबल्यावर ते खरं असावं असं फार वाटतं.

त्रास म्हणाल तर पाणी आणि डबा घरून न्यावा लागतो. पहिल्या वेळी आम्ही चौघांत दोन बाटल्या नेल्या आणि मोतीटाक्याच्या काठावर कोरड्या घशानं बसून राहिलो. शिवाय दुपारी तीनला उतरायला लागा, सिल्लेवानीचा घाट अंधारात नको. जाताना जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन वाटेतच होतं, म्हणून आईची देवगडला हरकत नसते.

तर ठरवायचं कसं? सोबत म्हातारी माणसं, लहान पोरं किंवा पुण्याहून आलेले पाहुणे असतील तर रामटेकच. म्हाताऱ्यांना ऑटोनं वर पाठवा, तुम्ही पायऱ्यांनी या. कार्तिकी पौर्णिमेला मात्र जत्रेची हौस असेल तरच जा, एरवी पाय ठेवायला जागा नसते. आणि रामटेक चार वेळा झालं असेल, गाडीत तीन-चार चालणारे दोस्त असतील, तर देवगड. दोन्हींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलनंतर दोन्ही टेकड्यांवर दगड तापतात.

आमच्या घरचा या वर्षीचा निकाल रामटेकच्या बाजूनं लागला, पण त्यात इतिहासाचा वाटा कमी. आईला रामटेकची विड्याची पानं हवी होती.