‘४० एक्स’वालं भिंग: सहीची जुनी पुस्तकं तपासायला किती कामाचं? बरेच महिने वापरून

हे तेच घडीचं भिंग, स्टीलच्या कव्हरमधलं, सराफ लोक हॉलमार्क बघायला वापरतात तसलं, एलईडी आणि यूव्ही दोन्ही लाइटवालं, डब्यावर ‘४० एक्स २५ एमएम’ छापलेलं. घेतल्या घेतल्या चार स्टार टाकून मोकळा झालो होतो. पण मागच्या आठवड्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पुस्तकाचे पैसे परत आले आणि ते ह्याच भिंगातून काढलेल्या फोटोंच्या जोरावर आले, म्हणून परत सविस्तर लिहायलोय. वस्तू कामाची आहे. पण डब्यावरचा आकडा खोटा आहे आणि त्याचा राग काही जात नाही.

आधी आकड्याचंच सांगतो, कारण हे कुणीच लिहीत नाही. भिंग किती पट मोठं दाखवतं हे घरच्या घरी काढता येतं. दुपारी खोलीत उभं राहून समोरच्या खिडकीचं उलटं चित्र भिंगातून मागच्या भिंतीवर पाडायचं, चित्र स्वच्छ झालं की भिंत ते काच अंतर पट्टीनं मोजायचं, आणि २५० ला त्या मिलिमीटरनं भागायचं. माझं अंतर अडीच सेंटिमीटरच्या आसपास आलं, म्हणजे दहा पट. खरंच ४० पट असतं तर कागदापासून सहा-साडेसहा मिलिमीटरवर, जवळजवळ टेकवूनच धरावं लागलं असतं. २५ एमएम हा काचेचा व्यास, तेवढा बरोबर आहे. एवढ्या रुंद काचेत, एवढ्या लांबून बघून, ह्या किमतीत ४० पट मिळूच शकत नाही, हे बनवणाऱ्याला माहीत नसेल असं होत नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे सगळ्याच कंपन्या असंच लिहितात. सगळे लिहितात म्हणून खरं होतं का?

बरं, आता मत कुठं बदललं ते. आकडा कळला तेव्हा वस्तू परतच पाठवायची ठरवली होती, तोवर भाच्याकडचं ६० पटीचं खिशातलं मायक्रोस्कोप आणून बघितलं. त्यात सही दिसतच नाही हो. कागदाचे धागे दिसतात, हात जरा हलला की रेघ हरवते, एक वेलांटी सुरू कुठं झाली आणि संपली कुठं हे सलग बघताच येत नाही. सही तपासायला रेघेच्या मागं मागं जाता आलं पाहिजे आणि त्याला दहा पट बरोबर आहे. म्हणून भिंग ठेवून घेतलं. आकड्याचा एक स्टार मात्र तेव्हाच कापला.

घ्यायचं कारण एक पुस्तक. नांदेडच्या माणसाला नरहर कुरुंदकरांच्या सहीची प्रत म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्यांच्या वर्गात बसलेले लोक अजून गावात भेटतात. तर एका विक्रेत्याकडं त्यांच्या पुस्तकाची सत्तरच्या दशकातली प्रत दिसली, आतल्या कोऱ्या पानावर निळी सही, भाव २,२०० रुपये आणि फोटो समोरून काढलेला एकच. मी म्हणलं दादा, पान तिरपं धरून बाजूनं लाइट मारून एक फोटो टाका. उत्तर आलं, ‘सर पुस्तक पॅक झालंय.’ परतीची मुदत होती म्हणून मागवलं.

प्रत आली. छापील माहितीचं पान बघितलं, आवृत्ती जुनीच, कागद पिवळा पडलेला, शिवलेली बांधणी, पुस्तकात काही खोट नाही. मग सही. भिंगाचा एलईडी लावला तर काहीच कळंना, आणि ही ह्या भिंगाची दुसरी मोठी खोड आहे, लाइट सरळ वरून पडतो आणि कागदावरचे चढउतार पार सपाट करून टाकतो. तो बंद केला, मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवला, आणि मग दिसायला लागलं. बॉलपेननं लिहिलं की कागदात चर पडतो, वळण घेतल्यावर शाईचे बारके गोळे साचतात आणि रेघेच्या आत मधे मधे पांढऱ्या फटी राहतात. फाउंटन पेन असलं तर जोर दिलेल्या जागी निबाची दोन टोकं फाकून रेघेच्या दोन्ही कडा गडद होतात, आणि पेन जिथं थबकलं तिथं रंग दाट असतो. ह्या सहीत ह्यातलं काहीच नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा निळा, चर नाही, फटी नाहीत, शाई कागदात मुरायच्या ऐवजी वर बसल्यासारखी. जेल पेनाची रेघ अशी असते. जेल पेन जपानच्या साकुरा कंपनीनं १९८४ मध्ये आणलं आणि कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला गेले.

विक्रेत्याला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर, भिंगातून शाई कळत नसते, लॅबचा रिपोर्ट आणा. चिडचिड झाली, पण मुद्द्यात दम होता. दहा पटीत जेल आणि चांगलं रोलर पेन ह्यातला फरक छातीठोक सांगता येत नाही, शाई नेमकी कुठली हे प्रयोगशाळेतच ठरतं, आणि २,२०० च्या पुस्तकासाठी तो खर्च कोण करणार.

म्हणून परत ते पान घेऊन बसलो. पानाला कसर लागलेली होती आणि एक भोक बरोबर सहीच्या शेवटच्या फराट्यात आलेलं. आता सही आधी झाली असती आणि कसर नंतर लागली असती, तर किड्यानं शाईसकट कागद खाल्ला असता, रेघ भोकापाशी तुटली असती आणि भोकाच्या आतली कड कागदाच्या रंगाची राहिली असती. इथं भोकाच्या आतल्या कडेवर निळा रंग उतरलेला. आणि भोकातून खाली बघितलं तर पुढच्या पानावर, जिथं किड्यानं वरचा पापुद्रा नुसता खरवडलाय, तिथं टाचणीच्या टोकाएवढा निळा ठिपका. पेन भोकावरून गेलं आणि खालच्या पानाला टेकलं, दुसरं कसं होणार? पुस्तक जुनं होऊन, कसर लागून, मग कुणीतरी त्यावर सही केली. हे बघून मला नुसता राग नाही आला, वाईट वाटलं. ह्या माणसाची खरी सही असलेल्या प्रती आमच्या भागातल्या किती घरांत जपून ठेवलेल्या असतील, आणि असल्या खोट्या प्रती बाजारात फिरायला लागल्या की उद्या त्या खऱ्या प्रतींवरही लोक शंका घेणार.

मोबाइलचा कॅमेरा भिंगाच्या काचेला लावून फोटो काढले, भोकाचे, ठिपक्याचे, सगळे. विक्रेता गप्प झाला, वेबसाइटवाले ‘विक्रेत्याशी बोला’ एवढंच म्हणायले. मग त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, त्यात लिहिलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो, नाहीतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला जातो. पैसे आले. परत पाठवायचा कुरिअर माझ्या खिशातून गेला, तो काही मिळाला नाही.

दुसरा उपयोग छापील सह्यांचा, आणि इथं भिंग एकदम पक्कं आहे. बऱ्याच जुन्या पुस्तकांत मनोगताच्या खाली लेखकाची सही छापलेली असते आणि लोक बिनदिक्कत ‘सहीची प्रत’ म्हणून विकतात. भिंगात कळतं, दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथं रंग अजिबात गडद होत नाही, शाई शेजारच्या अक्षरांसारखीच, रंगीत छपाई असली तर ठिपक्यांची जाळी. इंकजेटनं मारलेली असली तर कडेला रंगीबेरंगी बारीक शिंतोडे. रबरी शिक्का असला तर शाई दाबून कडेला ढकललेली. मशीनची सही तेवढी अवघड, कारण पेन खरं असतं, शाई खरी असते, फक्त हात नसतो. २०२२ मध्ये अमेरिकेत गायक बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ९०० प्रती ५९९ डॉलरला ‘हातानं सही केलेल्या’ म्हणून विकल्या आणि लोकांनी आपापल्या प्रतींचे फोटो शेजारी ठेवले तर सह्या तंतोतंत सारख्या निघाल्या, प्रकाशकाला पैसे परत द्यावे लागले, डिलननं माफी मागितली. तिथं भिंगाचं कामच नव्हतं. म्हणून कुठलीही सही घ्यायच्या आधी त्या लेखकाच्या इतर प्रतींचे फोटो जमवायचे. दोन सह्या एकावर एक ठेवल्यावर केसाचाही फरक नसेल तर हात आखडता घ्या.

यूव्ही लाइट मात्र उगं आहे. जांभळा उजेडच जास्त पडतो. नंतर चिकटवलेली नवी चिठ्ठी असली तर ती जुन्या पानावर निळसर पांढरी चमकते, कारण आजच्या बऱ्याच कागदात चमक आणणारं रसायन असतं. माझ्या वापरात एवढाच उपयोग झाला, आणि तोही दिवे घालवून, पडदे ओढून.

भिंगाला काय जमत नाही तेही सांगतो. ज्यानं जुनं पुस्तक, जुन्या धर्तीचं शाईपेन आणि सराव असं सगळं जमवलंय तो भिंगात सापडेलच असं नाही. तिथं खऱ्या सह्या बघायला लागतात, आणि नांदेडात राहायचा हा फायदा. एका निवृत्त सरांकडं जुनी पत्रं, भेट मिळालेल्या प्रती आहेत. त्यांनी एकामागून एक समोर ठेवल्या, प्रत्येक सही थोडी वेगळी, कुठं घाईत, कुठं निवांत, पण वेग सगळीकडं. पेन कागदावर टेकायच्या आधीपासूनच हात चालू असल्यासारखी सुरुवात बारीक, शेवट निमुळता. बघून बघून काढलेल्या सहीत टोकं बोथट असतात, मधेच पेन उचललेलं असतं आणि शिरोरेघ थरथरते. सर म्हणले, ‘अरे नुसती सही घेऊच नको, चार ओळी लिहिलेली प्रत बघ, चार ओळी खोट्या लिहायला अवघड जातंय.’ तेव्हापासून ‘सप्रेम भेट’, नाव, गाव, तारीख असलेलीच प्रत बघतो, जरी ती दुसऱ्याच्या नावाची असली तरी. सोबत येणारं सर्टिफिकेट मी वाचत पण नाही, कुणाच्याही प्रिंटरवर निघतं.

आणि काही वेळा भिंग काढायचीही गरज पडत नाही. छापील माहितीचं पान आणि मागचं कव्हर मागवा. रुपयाचं नवं चिन्ह १५ जुलै २०१० ला ठरलं, १३ आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर) १ जानेवारी २००७ पासूनचे. पु. ल. देशपांडे १२ जून २००० ला गेले, तरी नवं रुपयाचं चिन्ह छापलेल्या प्रतीवर त्यांची ‘दुर्मिळ सही’ विकायला ठेवलेली मी स्वतः बघितलीय. किमतीचा स्टिकर नंतर लावलेला असू शकतो, त्यामुळं छापलेलंच धरा. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असला तर ती छपाई १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची, मग सहीखाली १९६५ कसं आलं ते विचारा.

आता स्टार. तीन. काच चांगली आहे, कडेला थोडं रंग फाटल्यासारखं दिसतं पण मधे स्वच्छ. डब्यावर १० छापलं असतं तर चार कायम ठेवले असते. नवीन घेणार असाल तर बिनलाइटचं, खरं १० पटीचं तीन काचांचं भिंग घ्या, सराफ्यात विचारलं तर दाखवतात, थोडं महाग पडेल, पण खिडकीचं चित्र पाडून, अंतर मोजूनच पैसे द्या.