फोंड्यातील वाचनालयाचा किशोर वाचन-लेखन वर्ग

माझी भाची नववीत असून फोंड्यातील एका वाचनालयात शनिवारी भरणाऱ्या या वर्गाला नियमित जाते; पालकांना मागे बसण्याची मुभा असल्याने मीही तो पाहिला आहे. मोबाईल बाहेर ठेवायला लावण्याऐवजी येथे तोच अभ्यासाला घेतला जातो, ही या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू. मोबाईलवर जे आपण अधिक वेळ पाहतो त्याच धाटणीचे अधिक समोर येते, हे बाईंनी समजावल्यावर मुलांनी आपापल्या रील्सची नोंद वहीत केली, तेव्हा मुलींच्या पानांवर गोरेपणाची क्रीम आणि मुलग्यांच्या पानांवर व्यायामशाळेतले दंड अशी सरळ फाळणी दिसली. पुढचे काम होते, स्वतःपेक्षा वेगळ्या लिंगाच्या पात्राच्या तोंडून गोष्ट लिहिण्याचे. शिगम्याच्या रोमटात, म्हणजे गोव्यातल्या या सणाच्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, ढोल गळ्यात अडकवू पाहणाऱ्या मुलीची गोष्ट एका अबोल मुलाने लिहिली आणि ती वाचताना कोणीही हसले नाही, याचे श्रेय निःसंशय बाईंचे.

उणीव मात्र गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, तरी मुलगा-मुलगी या दोन रकान्यांत न मावणाऱ्या मुलांविषयी येथे अवाक्षर निघत नाही आणि कपाटात त्यांच्यासाठी एकही मराठी पुस्तक नाही. तेवढी भर पडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तरीही आठवी ते दहावीच्या मुलांना या वर्गात अवश्य पाठवावे.