चेनसॉचा सायलेन्सर ‘मोकळा’ करून देणाऱ्याने केलेली माझी फसवणूक

दापोली तालुक्यातील आमच्या बागेत ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बरीच कलमे उन्मळून पडली. त्या वेळी भाड्याचे चेनसॉ मिळवताना जे हाल झाले, त्यामुळे पुढच्याच वर्षी मी ४५ सीसीचे, अठरा इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) असलेले स्वतःचे मशीन घेतले. पडलेल्या झाडांची लाकडे करणे, उंच गेलेल्या जुन्या कलमांची छाटणी करणे ही कामे त्याने तीन वर्षे बिनतक्रार केली. गेल्या हंगामात मात्र ते ओढेनासे झाले. रेस दिली की आवाज गुदमरल्यासारखा येई आणि जाड फांदीत बार शिरला की इंजिन बसे. चेनला धार लावून झाली, एअर फिल्टर धुऊन झाला, प्लगही बदलला. फरक पडला नाही.

अशा वेळी एका ओळखीच्या माणसाकडून मला एका कारागिराचा नंबर मिळाला. तो घरी आला, मशीन दोनदा चालू करून पाहिले आणि म्हणाला, ‘‘काका, कंपनीवाले मुद्दाम सायलेन्सर बुजवून ठेवतात. माझ्याकडे बाहेरच्या देशातला मोकळा सायलेन्सर आहे. तो बसवला आणि कार्बोरेटर सेट केला की हेच मशीन दीडपट ओढेल.’’ सायलेन्सर, सेटिंग आणि मजुरी मिळून त्याने ३,८०० रुपये सांगितले. मशीन तो घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी काळ्या कोऱ्या रंगाचा सायलेन्सर बसवून परत घेऊन आला. पैसे मी मोबाइलवरून दिले. पावती मागितली, तेव्हा ‘‘पुस्तक दुकानात राहिलं, उद्या पाठवतो’’ असे तो म्हणाला आणि मी ते मान्य केले.

पहिले काही दिवस मशीन खरोखरच सुरेख चालले. आवाज कर्कश झाला होता, पण जोर परत आला होता, त्यामुळे मला शंका आली नाही. नवव्या दिवशी एका जुन्या कलमाची मांडीएवढी फांदी कापत असताना आवाज एकदम चढला, बारीक झाला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडले. दोरी ओढून पाहिली, तर ती तसूभरही हलेना. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता.

खेडच्या एका जुन्या मेकॅनिककडे मशीन नेले. त्यांनी सायलेन्सरचे बोल्ट काढून तो बाजूला केला आणि बॅटरीचा उजेड धुराच्या तोंडातून आत टाकून मला पाहायला सांगितले. पिस्टनच्या त्या बाजूवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते आणि पिस्टनचे अॅल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला लागले होते. मग त्यांनी सायलेन्सर हातात घेऊन उलटा केला. आत ड्रिलने पाडलेली तीन भोके होती, त्यांच्या कडांचे कीस तसेच लटकत होते. खालच्या कोपऱ्यात काळ्या रंगाखाली एक पोचा दिसत होता. तो मी लगेच ओळखला, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्याच हातून मशीन जांभ्याच्या गडग्यावर आपटले होते. म्हणजे परदेशी म्हणून ३,८०० रुपयांना मला विकलेला सायलेन्सर माझाच होता. त्याला भोके पाडून वर रंग मारलेला होता.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूंवर कंपनीने बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या जशाच्या तशा होत्या. या टोप्या स्क्रूला ठरावीक मर्यादेपलीकडे फिरू देत नाहीत. त्या काढल्याशिवाय जे सेटिंग करायला हवे होते ते होऊच शकत नाही. म्हणजे सेटिंगचे पैसेही फुकट घेतले होते.

सायलेन्सर मोकळा करणे हा प्रकार मुळातच खोटा आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेत आणि युरोपात लाकूडतोडीचा धंदा करणारी जाणती माणसे तो करतात आणि त्याने जोर काही प्रमाणात वाढतोही. पण धुराची वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढते आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडते. टू स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलमधूनच जात असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि उष्णता मात्र वाढलेली. म्हणून हा बदल केल्यावर कार्बोरेटरवरचा मोठ्या वेगाचा स्क्रू थोडा सोडून मिश्रण दाट करावे लागते आणि टॅकोमीटर लावून इंजिनचे फेरे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आहेत ना, हे पाहावे लागते. कानालाही हे कळते: पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, मशीनचा आवाज किंचित फडफडता असावा आणि बार लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा. माझ्या मशीनचा आवाज मोकळ्या हवेतच किंचाळल्यासारखा स्वच्छ होता. त्यालाच मी जोर समजत होतो.

मग पहिले आठ दिवस फरक कशामुळे पडला, हे मी मेकॅनिकना विचारले. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी एक बारीक जाळी असते. मी जे स्वस्त ऑईल वापरत होतो त्याने ती काजळीने बुजली असणार, असे त्यांनी सांगितले. त्या माणसाने ती साफ न करता काढूनच टाकली होती. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासून परत बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि माझ्या मूळ तक्रारीवर तेवढाच उपाय पुरेसा होता.

जाळी नसलेले ते मशीन मी फेब्रुवारीत, गुडघाभर वाळलेल्या गवतात नऊ दिवस चालवले, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. कोकणात एका ठिणगीने लागलेला वणवा आंबा-काजूच्या बागा कशा खाऊन टाकतो, हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. ज्यांनी असे काम करून घेतले आहे, त्यांनी आजच सायलेन्सर उघडून जाळी जागेवर आहे का, हे पाहावे. कार्बोरेटरच्या टोप्याही पाहाव्यात, आणि त्या शाबूत असतील तर मशीन चालवू नये. कोणी असा बदल करून देतो म्हणाला, तर त्याला टॅकोमीटर दाखवायला सांगावे आणि काढलेला जुना सायलेन्सर परत मागावा. मी तो मागितला असता तर लबाडी दारातच उघडी पडली असती.

सिलिंडर-पिस्टन, नवा सायलेन्सर आणि मजुरी मिळून मला ७,४०० रुपये खर्च आला. त्या कारागिराला फोन केला, तेव्हा ‘‘तुम्ही ऑईल कमी घातलंत’’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. ऑईल मी लिटरला ४० मिलि, मापाने घालत होतो. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. माझी अडचण पावतीची आहे: मोबाइलवरून पैसे गेल्याची नोंद आहे, पण ते कशासाठी गेले हे त्यात कुठेच नाही. म्हणून मेकॅनिकनी काय आढळले ते सही करून लिहून दिले आहे, आणि तो भोके पाडलेला, पोचा असलेला सायलेन्सर व जाम झालेला पिस्टन मी पिशवीत बांधून जपून ठेवला आहे.