उशाशी पिस्तूल ठेवायचं असेल तर: फोर्ट नॉक्सची बटणांची पेटी

पलंगाशेजारी पिस्तूल कशात ठेवू, असं इथल्या मराठी मैत्रिणी विचारतात तेव्हा मी एकच नाव सांगते: फोर्ट नॉक्सची पिस्तूल बॉक्स. युटातली कंपनी, दहा गेजचं पोलाद, म्हणजे पत्रा जवळपास साडेतीन मिलिमीटर जाड. बॅटरी नाही, बोटाचा ठसा नाही, ॲप नाही. सिम्प्लेक्स नावाच्या ब्रँडचं पाच बटणांचं यांत्रिक कुलूप आणि फिरवायची एक मूठ, एवढंच. किंमत स्वस्त नाही, पण इथे पैसे वाचवू नका.

आमचं घर टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराच्या बाहेर, शेरीफच्या म्हणजे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. नवरा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, गेला की दोन-दोन आठवडे घरी नाही. मागे मी आणि आठ वर्षांचा मुलगा. ९११ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन केला तरी इतक्या आत गाडी यायला वेळ लागणार, हे इथे सगळे धरूनच चालतात. म्हणून घरात ग्लॉक १९ पिस्तूल आहे. ग्लॉकला अंगठ्यानं लावायची वेगळी सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणूनची अडकण, नसते; ज्या असतात त्या चापात आणि आतल्या यंत्रणेत, आणि चाप ओढला की त्याही सुटतात. मोठ्या माणसाला जेवढं सोपं, तेवढंच लहान पोरालाही. त्यामुळे उशीखाली, ड्रॉवरमध्ये, कपाटावर, यातली एकही जागा मला मान्य नाही. दिवाळीत फराळाचे डबे कुठेही लपवले तरी मुलांना सापडतात, तसंच हेही सापडतं. टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ४६.१३ याच गोष्टीबद्दल आहे: भरलेलं हत्यार निष्काळजीपणे ठेवल्यामुळे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो गुन्हा. त्यातून मुलानं गोळी झाडली आणि कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कैदेचं सोडा, ते घर नंतर घर राहील का?

बोटाच्या ठशाची पेटी आधी होती आमच्याकडे. कंपनीचं नाव देत नाही. भांडी घासून हात ओले झाले, हिवाळ्यात बोटांची सालं निघाली, की ती ओळख दाखवायची नाही. तरी तो त्रास किरकोळ. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानं फोर्ट्रेस कंपनीच्या सुमारे ६१,००० बायोमेट्रिक पेट्या परत मागवल्या, ती बातमी मी वाचली. ठसा नोंदवलाय असं मालकाला वाटत असतानाही पेटी भलत्याच बोटाला उघडू शकत होती. त्या प्रकरणात बारा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूची नोंद आहे. त्यानंतर ठशावर चालणारी पेटी मुलाच्या घरात नकोच, असं मी ठरवलं.

आता फोर्ट नॉक्सच्या पेटीचं चालणं. मूठ आधी डावीकडे फिरवायची, म्हणजे कुणी काही दाबलेलं असेल तर ते पुसलं जातं. मग आपला क्रम, मग मूठ उजवीकडे. दोन बटणं एकदम दाबणं हीसुद्धा एक पायरी धरली जाते. झाकणाला गॅसचा दांडा आहे, ते आपसूक वर येतं. अंधारात बोटं बटणं शोधून काढतात. पिस्तूल रिकामं करून, डोळे मिटून सराव करा, हाताला सवय होईपर्यंत. पेटी आणल्या दिवशी क्रम बदला, कारण सिम्प्लेक्सचा कारखान्यातला ठरलेला क्रम, दोन आणि चार एकत्र, मग तीन, सगळ्यांना ठाऊक आहे. आणि हेही लक्षात घ्या की एकूण क्रम हजाराच्या जरासेच वर आहेत. घरात चिकाटीचा सोळा वर्षांचा मुलगा असेल आणि दुपारभर एकटा असेल, तर नुसत्या या पेटीवर विसंबू नका.

उघडायला दोन-चार सेकंद लागतात म्हणून काही जण नाक मुरडतात. मला तर ती सेकंदंच हवी आहेत. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या हातात थेट पिस्तूल येऊ नये. क्रम आठवून दाबायचा म्हणजे डोकं जागं व्हावंच लागतं. सासूबाई सांगलीहून येतात तेव्हा वेळेच्या फरकामुळे रात्री तीनलाही स्वयंपाकघरात चहा टाकतात, दिवा न लावता. त्यांची चाहूल आणि चोराची चाहूल यांत अंधारात फरक कळत नाही. म्हणून पेटीत पिस्तुलाशेजारी टॉर्च ठेवलाय आणि तो आधी हातात येतो. शिवाय इथल्या घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या, नऊ मिलिमीटरची गोळी त्यांतून आरपार जाते. मुलाची खोली कुठल्या भिंतीपलीकडे आहे ते बघूनच आम्ही पलंग हलवला.

सासूबाईंच्या माहेरी बारा बोअरची परवान्याची बंदूक होती, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. इथे पिस्तूल घरात ठेवायला परवाना लागत नाही हे त्यांना पटतच नाही. पेटी बघून पहिला प्रश्न त्यांचाच: "अगं, याची किल्ली कुणाकडे?" म्हटलं, "आई, किल्ली नाही, क्रम आहे, आणि तो फक्त आम्हा दोघांना माहीत आहे." मग त्या मुलाला घेऊन बसल्या आणि या पेटीला हात लावायचा नाही हे त्यांच्या पद्धतीनं सांगितलं.

एका बाबतीत मात्र कुठलीच पेटी पुरत नाही. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कुणी खचलेलं असेल, औषधं चालू असतील, झोप उडाली असेल, तर क्रम माहीत असलेल्या माणसापासून पेटी वाचवत नाही. तेवढ्या काळापुरतं हत्यार घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे द्या. चोराची भीती तेव्हा दुय्यम.

पेटीच्या तळाला बोल्टसाठी भोकं आहेत, ती वापरा. नाहीतर चोर अख्खी पेटी काखेत मारून नेईल. आम्ही नाईटस्टँडच्या, म्हणजे पलंगाशेजारच्या छोट्या कपाटाच्या, तळफळीला आणि तिच्याखालच्या जमिनीला बोल्ट मारलेत. भाड्याच्या घरात जमिनीला भोक पाडता येत नसेल, तर पलंगाच्या जाड लाकडी चौकटीला मारा आणि खालून मोठा वॉशर घाला.